बॉम्बरकाका, मुक्काम लोणावळा

महाराष्ट्रात गाव तिथे एक युद्धतज्ज्ञ असतोच. तो सैन्यात कधीच नसतो. घरात हत्यार म्हणाल तर विळी, फार तर नारळ सोलायचा कोयता. पण लढाई कशी जिंकायला हवी होती हे त्याला पक्कं ठाऊक असतं. पुण्याचा तज्ज्ञ पानिपत लढतो आणि दर खेपेला भाऊसाहेबांना हत्तीवरून उतरू नका म्हणून बजावतो. कोल्हापूरचा तज्ज्ञ घोडखिंडीत पाय रोवून उभा असतो. मुंबईच्या तज्ज्ञाला जागा नसते, म्हणून तो लोकलच्या दारात उभा राहून पाकिस्तानचा बंदोबस्त करतो.

लोणावळ्याच्या वाट्याला आलेला तज्ज्ञ निराळा निघाला. त्याच्या गच्चीवरून, धुकं नसेल त्या दिवशी, नागफणी दिसते. लोहगड, विसापूर, राजमाची, तुंग, तिकोना हे सगळे किल्ले एका दिवसाच्या टप्प्यात. इतका इतिहास अंगणात असताना हा गृहस्थ लढतो ते १९४३ सालच्या जर्मनीवर, पंचवीस हजार फुटांवरून, अमेरिकन वायुदलाच्या बी-१७ बॉम्बर विमानात बसून. गाव त्यांना बॉम्बरकाका म्हणतं. रागानं नव्हे. भाजीवालीसुद्धा विचारते, ‘काका, आज जर्मनी का सुट्टी?’

काकांचा जन्म १९४१चा. युद्ध संपलं तेव्हा ते चार वर्षांचे होते, आणि ही गोष्ट ते ‘थोडक्यात हुकलं’ अशा सुरात सांगतात. विमानात ते आयुष्यात एकदाच बसले, लेकीकडे बंगळूरला जाताना. मधली सीट मिळाली याची धुसफूस अजून चालू आहे. त्यांना अगदी शेपटाकडची हवी होती.

पोशाख म्हणजे तपकिरी चामड्याचं जाकीट. लोणावळ्यात जून ते सप्टेंबर चामड्याची वस्तू घरात ठेवणं म्हणजे बुरशीची शेती करणं. चपला हिरव्या, पट्टे हिरवे, पाकिटं हिरवी. काकांचं जाकीट श्रावणात पोपटी होतं. काकू ते दर रविवारी दोरीवर टांगतात आणि खोबरेल तेलाच्या बोळ्यानं कॉलरपासून खाली पुसत येतात. शिवणीतली बुरशी निघत नाही, ती जुन्या टूथब्रशनं काढतात. बाही पुसताना पुटपुटणं चालू असतं. त्यातला ‘हिटलर’ एवढाच शब्द बाहेर ऐकू येतो आणि तो कोणाला उद्देशून आहे हे कळत नाही.

या वेडाचं मूळ रद्दीत आहे. खंडाळ्याचा एक जुना बंगला विकला गेला, आवराआवर झाली, आणि इंग्रजी पुस्तकांचा गठ्ठा बाजारातल्या रद्दीवाल्याकडे आला. काका तिथे पावसाळी प्लॅस्टिक आणायला गेले होते. प्लॅस्टिक राहिलं, अकरा किलो महायुद्ध घरी आलं. त्या वर्षी माजघर गळलं.

पण रद्दी अनेकजण घेतात, सगळ्यांचे बॉम्बरकाका होत नाहीत. काकांचं तसं का झालं ते कळायला त्यांची नोकरी सांगायला हवी. काका रेल्वेत गार्ड होते, आणि उमेदीची वर्षं मालगाडीवर. रेल्वेनं २०२२ साली गार्डाचं ‘ट्रेन मॅनेजर’ असं नामकरण केलं. काकांना तोवर निवृत्त होऊन एकवीस वर्षं झाली होती, तरी त्यांनी ते मानलं नाही. मॅनेजर म्हणजे पंख्याखाली बसणारा, असा त्यांचा हिशेब. मालगाडीचा गार्ड बसायचा तो शेवटच्या ब्रेकव्हॅनमध्ये. दिवा नाही, पंखा नाही, लाकडी बाक, एक हातब्रेक आणि स्वतःची लोखंडी पेटी. पेटीत लाल-हिरवा दिवा, झेंड्या आणि रुळावर लावायचे फटाके. रात्री दोन वाजता कॉलबॉय दार ठोठावणार, वहीत सही घेणार, आणि साहेब पावसात निघणार. भोरघाटात सदतीस फुटांना एक फूट असा चढ. मंकी हिलला गाडी थांबली तर का थांबली हे शेवटच्या डब्यात कोणी सांगायला येत नाही. पुढे ड्रायव्हर, मागे अंधार आणि मध्ये पाऊण किलोमीटर कोळसा.

अशा माणसानं वाचलं की बी-१७च्या शेपटात एक गोलंदाज असतो, सायकलच्या सीटसारख्या बैठकीवर गुडघे टेकून, तोंड मागे करून, आठ-आठ तास एकटा. बाकीचे कुठे चाललेत ते पाहतात, हा कुठून आलो ते पाहतो. पहाटे दोन-तीनला त्यालाही कोणीतरी टॉर्च मारून उठवतं. काकांनी पुस्तक मिटलं आणि काकूंना हाक मारली. ‘अगं, हा तर आपल्यातलाच निघाला!’

तेव्हापासून त्या विमानातले दहाच्या दहा जण काकांचे नातेवाईक झाले. पायलट, को-पायलट, वाट दाखवणारा नॅव्हिगेटर, बॉम्ब टाकणारा बॉम्बार्डियर, इंजिनिअर, रेडिओवाला, कमरेपाशी दोन बाजूंना दोघे बंदूकवाले, पोटाखालच्या गोळ्यात एक आणि शेपटात एक. पोटाखालचा तो गोळा म्हणजे बॉल टरेट. त्यात गुडघे छातीशी घेऊन बसायचं, म्हणून बुटका माणूस शोधत. विमानाला हवाबंद केबिन नाही. बाहेर उणे चाळीस, आत उणे चाळीस. उघडा हात बंदुकीला लागला तर कातडी तिथेच राहायची. विजेवर तापणारे कपडे होते, पण ते बंद पडत. काका हे सांगतात तेव्हा मे महिना असला तरी ऐकणाऱ्याला शिंक येते.

काकांच्या हाउसिंग सोसायटीची वर्षाकाठी एक सहल निघते. गाडी ठरलेली, दहा सीटची टवेरा. दहा हा आकडा काकांनीच भांडून टिकवला आहे. एका वर्षी कोणीतरी बारा जणांची गाडी सुचवली, तर काकांनी ‘लिबरेटर बॉम्बरलासुद्धा दहाच लागत’ म्हणून सभात्याग केला.

आदल्या रात्री ब्रीफिंग. काकांच्या हॉलमध्ये भिंतीवर मावळ तालुक्याचा नकाशा आणि त्यावर काकूंच्या जुन्या परकराचा पडदा. इंग्लंडातल्या तळांवर असंच चाले. सगळे जमले की पडदा बाजूला होई, आणि लाल लोकरीचा धागा कुठवर गेलाय ते पाहून खोलीभर सुस्कारा निघे. फ्रान्सच्या किनाऱ्यापर्यंत असेल तर बरं, जर्मनीच्या पोटात गेला असेल तर अवघड. काका पडदा ओढतात. धागा लोणावळ्याहून निघून घुसळखांबवरून तिकोना पेठेपर्यंत गेलेला असतो. जोशीण आजी नियमानं सुस्कारा सोडतात, पण तो गुडघ्यांसाठी असतो.

‘मुख्य लक्ष्य तिकोना,’ काका पट्टीनं दाखवतात. ‘ढग असतील तर पर्यायी लक्ष्य पवना धरण. तेही दिसलं नाही, तर वाटेत मिळेल ते.’ बॉम्बरवाल्यांचे आदेश खरोखर असेच तीन पायऱ्यांचे असत. आमच्या सोसायटीनं आजवर तिकोना एकदाही गाठलेला नाही. घुसळखांबच्या अलीकडेच धुकं येतं आणि वाटेत मिळेल ते म्हणजे भाजलेली कणसं. काका मात्र वहीत नोंद करतात, ‘लक्ष्य ढगाआड. पर्यायावर मारा यशस्वी.’

मोहिमेच्या सकाळी त्या अमेरिकन पोरांना पावडरची नव्हे, खरी अंडी मिळत. काकूंच्या घरी चातुर्मासात अंडं शिरत नाही, त्यामुळे आमच्या मोहिमा थालीपिठावर निघतात. जागा ठरलेल्या. सोसायटीचे सेक्रेटरी सहा फूट एक इंच, म्हणून त्यांना मागच्या बाकावर आडवं कोंबून काका त्या जागेला बॉल टरेट म्हणतात. स्वतः मागच्या काचेतून बाहेर बघत बसतात आणि मागून कोण येतंय ते ओरडून सांगतात. शनिवार-रविवारी भुशी धरणाच्या रस्त्यावर मागून पुणं येत असतं आणि पुढून मुंबई. विमानवाल्यांच्या पद्धतीनं ‘सहा वाजता पांढरी इनोव्हा!’ असं काका ओरडले की नवखा ड्रायव्हर घड्याळ बघतो.

काकांकडे गोष्टींचा साठा मोठा आहे, पण त्यांची खरी अडचण म्हणजे लोणावळ्याचा श्रोता. हे गाव पाहुण्यांवर जगतं. त्याचे प्रश्न वेगळ्या दिशेनं येतात. एकदा चिक्कीच्या दुकानात काकांनी अ‍ॅलन मॅगीची गोष्ट काढली. ३ जानेवारी १९४३, फ्रान्समधलं सँ-नाझेर बंदर. बॉल टरेटमधला मॅगी जळत्या विमानातून पॅराशूटशिवाय बाहेर फेकला गेला, वीस हजार फुटांहून जास्त खाली आला आणि तिथल्या रेल्वे स्टेशनच्या काचेच्या छपरावर आदळला. छप्पर फुटलं, माणूस वाचला, आणि पुढे चौऱ्याऐंशी वर्षांचा होऊन वारला. दुकानात शांतता पसरली. काकांना वाटलं, बाण लागला. मग गल्ल्यावरचे शेठ म्हणाले, ‘काच कोणी भरून दिली?’

दुसऱ्यांदा स्वित्झर्लंड. गोळ्या लागून लंगडी झालेली कित्येक विमानं तटस्थ स्वित्झर्लंडमध्ये उतरत. तिथे अडकून पडलेल्या हजारावर अमेरिकनांना स्विस सरकारनं अ‍ॅडेलबोडेन, दाव्होस अशा थंड हवेच्या ठिकाणी रिकाम्या हॉटेलांत ठेवलं. पळून जाताना जे सापडले त्यांना वाउविलरमोसच्या छावणीत हालात काढावे लागले. काकांना सांगायचं होतं ते त्या छावणीबद्दल. पण समोर बंगले भाड्यानं देणारे दोघे बसले होते. ‘ऑफ सीझन होता ना,’ एक म्हणाला, ‘मग बरोबर आहे. सरकारी बुकिंग म्हणजे रेट पाडून घेतला असणार.’

काकांना खरा श्रोता घरातच आहे, पण तो श्रोता उत्तरं देतो. स्नफी स्मिथची गोष्ट काकांची अत्यंत लाडकी. १ मे १९४३, स्मिथची पहिलीच मोहीम. विमानाला आग लागली, तिघांनी उड्या टाकल्या. हा बुटका गडी एकटा मागे राहिला. जखमी सोबत्याला सांभाळलं, बंदुका चालवल्या आणि दीड तास आग विझवली. अग्निशामक नळकांडी संपली, पाणी संपलं, मग काय वापरलं ते काका चारचौघांत सांगत नाहीत. त्याला अमेरिकेचं सर्वोच्च पदक जाहीर झालं. पदक द्यायला खुद्द युद्धमंत्री स्टिम्सन इंग्लंडात आले, तेव्हा हिरो सापडेना. ब्रीफिंगला उशिरा आला म्हणून त्याला मेसमध्ये खरकटं काढायची शिक्षा झाली होती!

काका टाळीसाठी हात पुढे करतात. काकू भाजी निवडत म्हणतात, ‘बरोबरच आहे. पदक मिळालं म्हणून खरकटं काय आपोआप निघतं?’

काकू हे एक वेगळंच प्रकरण आहे. काका त्यांना ग्राउंड क्रू म्हणतात. संध्याकाळी विमानं परतायची वेळ झाली की तळावरचे मेकॅनिक आकाशाकडे डोळे लावून मोजत उभे राहत. वीस गेली होती, चौदा आली. राहिलेल्या सहांची वाट कोण किती वेळ बघतो, यावर कोणाचं विमान गेलं ते कळे. काका हे रंगवून सांगत असताना एकदा काकू म्हणाल्या, ‘मला मोजायला सोपं होतं. एकच होता.’ घाटात दरड कोसळून गाड्या अडकल्या, त्या रात्रींबद्दल त्या बोलत होत्या. त्या दिवशी काका दळण आणायला न सांगता गेले.

काका आकडे मात्र हसत सांगत नाहीत. सुरुवातीला पंचवीस मोहिमा केल्या की सुटका होती. १९४४ साली त्या तीस झाल्या, मग पस्तीस. इथे काकांचा आवाज चढतो, कारण केंद्र सरकारनं १९९८ साली निवृत्तीचं वय अठ्ठावन्नचं साठ केलं तेव्हा काका सत्तावन्न वर्षांचे होते आणि त्यांनी पेढे आणून ठेवले होते. मग आवाज उतरतो. १४ ऑक्टोबर १९४३. श्वाइनफुर्टच्या बॉलबेअरिंगच्या कारखान्यांवर २९१ विमानं निघाली. बॉलबेअरिंग नाही तर रणगाडा फिरणार नाही, असा तो हिशेब. जर्मनीत शिरल्यावर सोबतीची लढाऊ विमानं पेट्रोलअभावी मागे फिरली आणि पुढे बॉम्बर एकटे पडले. ६० परत आले नाहीत. म्हणजे एका दुपारी सहाशे माणसं. ‘साठ गाड्या सेक्शनमध्ये गेल्या आणि पुढच्या स्टेशनात पोचल्याच नाहीत,’ काका म्हणतात. ‘कंट्रोलला काय कळवणार?’ इंग्लंडमधून उडणाऱ्या या एकट्या अमेरिकन आठव्या वायुसेनेचे सव्वीस हजार लोक मेले. साधारण तितकेच जर्मनांच्या कैदेत गेले. संध्याकाळी त्यांच्या खाटांवरच्या गाद्या गुंडाळल्या जायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच खाटांवर नवी पोरं यायची. रेल्वेच्या रनिंग रूममध्ये आयुष्य काढलेला माणूस हे वाक्य सांगतो आणि चष्मा पुसतो.

पण ज्ञान अंगात मुरलं की ते बाहेर यायला वाट शोधतं. काकांनी ते सोसायटीच्या गच्चीवर काढलं. युद्धात अब्राहम वाल्ड नावाच्या गणितज्ञापुढे प्रश्न आला, विमानाला जादा पत्रा कुठे मारायचा? परत आलेल्या विमानांवर जिथे जास्त भोकं दिसतात तिथे, असं कोणीही म्हणेल. वाल्ड म्हणाला, उलट! जिथे भोकं नाहीत तिथे मारा. तिथे लागलेली विमानं परत आलेलीच नाहीत. हाच वाल्ड पुढे १९५० साली व्याख्यानांसाठी भारतात आला आणि निलगिरीच्या डोंगरात विमान कोसळून गेला. काका त्याला अर्धा भारतीय मानतात.

मे महिन्यात गच्चीला डांबर मारायचं ठरलं तेव्हा काका उभे राहिले. ‘जिथे गळतंय तिथे मारू नका,’ ते म्हणाले. ‘गळूनसुद्धा ती जागा टिकली आहे. जिथे गळलेलं नाही तीच खरी धोक्याची.’ वाल्डचं नाव, आकृत्या आणि काकांचं वय या तिन्हींपुढे सभेनं मान तुकवली. जुलैत गच्ची नेहमीच्याच जागी गळली, दुप्पट जोमानं. काका बादली घेऊन सेक्रेटरींच्या घरी गेले आणि म्हणाले, ‘बाकी कुठे गळतंय का? नाही ना? म्हणजे वाल्ड बरोबर होता.’

काकांना आपल्या माणसांचा अभिमान नाही असं नाही. मुंबईचे शैलेंद्र एकनाथ सुखटणकर ब्रिटिशांच्या बॉम्बर कमांडमध्ये नॅव्हिगेटर होते आणि त्यांना डी.एफ.सी. हे शौर्यपदक मिळालं, हे काका प्रत्येक कोकणी आडनावाच्या माणसाला थांबवून सांगतात. पण त्यांची नजर कायम वर. ही सवय मोडली ती एका दूधवाल्यानं.

दूधवाला पवनमावळातला. इंद्रायणी तांदळाचं एक पोतं दर दिवाळीला काकांकडे टाकतो. एका सकाळी काका त्याला इटलीची कथा सांगत होते. ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. इटलीतल्या अमेरिकन पंधराव्या वायुसेनेची आठशेहून अधिक जड बॉम्बर विमानं दुपारी आली आणि जर्मन फळीवर बॉम्बचा नुसता सडा घातला. काही बॉम्ब चुकून आपल्याच बाजूच्या पोलिश सैनिकांवर पडले. दूधवाल्यानं माप खाली ठेवलं.

‘आमचा आज्जा व्हता तिथं,’ तो म्हणाला. ‘मराठा पलटनीत. त्यो सांगायचा. दुपारभर इमानं आली, भुई नुसती हालत व्हती. मग इमानवाले वरच्यावर घरी ग्येले. नदी आमालाच उतरायची व्हती.’

काकांना पंधराव्या वायुसेनेच्या विमानांत कोण कुठे बसत होतं ते ठाऊक होतं. त्या विमानांखाली कोण उभं होतं हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं फडक्यात गुंडाळून एक पदक आणलं. सहा टोकांचा पितळी रंगाचा तारा, मध्ये राजाची मोहोर, लाल-पांढरी-हिरवी फीत, उंदरानं एका कडेला कुरतडलेली. इटली स्टार. काकूंनी ज्या हातानं जाकीट पुसतात त्याच हातानं तो कोरड्या फडक्यानं पुसला. काकांनी भिंग आणलं आणि तारा उलटा केला. मागे बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव, पलटण सगळं ठोकलेलं होतं. काकांनी ते मोठ्यानं वाचलं. दूधवाल्याला इंग्रजी वाचता येत होतं, पण मागे काही लिहिलेलं असेल हे त्याच्या घरात कोणाला माहीत नव्हतं. ‘म्हंजी आज्ज्याचं नाव हाय का त्याच्यावर?’ तो म्हणाला, आणि स्वतः भिंग घेऊन पुन्हा एकदा वाचलं.

त्यानंतर काकांनी पुन्हा पुस्तकं धुंडाळली, या वेळी खालच्या अंगानं. त्या ९ एप्रिललाच, विमानं निघून गेल्यावर, मराठा लाइट इन्फंट्रीनं सेनिओ ओलांडली. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचा नामदेव जाधव कंपनीचा रनर, म्हणजे निरोप्या, होता. उंच बांधावरून मशिनगन चालू झाल्या आणि बरोबरचे जवळपास सगळे पडले. त्यानं दोन जखमींना सुरुंगांच्या पट्ट्यातून, नदीतून एकेक करून मागे आणलं. मग एकटाच परत जाऊन तीन मशिनगनची ठाणी उडवली, बांधावर चढला आणि शिवाजी महाराजांच्या नावाचा जयघोष करत बाकीच्यांना बोलावलं. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याआधी १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या खोऱ्यात आजच्या रायगड जिल्ह्यातल्या पळसगावचा यशवंत घाडगे असाच एकटा मशिनगनवर धावून गेला. त्याचा व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर.

काका सुधारले असं मात्र कोणी समजू नये. पूर्वी ते एकच महायुद्ध सांगायचे, आता वरचं आणि खालचं अशी दोन सांगतात. ब्रीफिंगच्या नकाशावर लाल धाग्याच्या जोडीला भगवा धागा आला आहे. टवेरात एक जागा मराठा पलटणीच्या रनरची म्हणून राखून ठेवतात, त्यामुळे सेक्रेटरींना आता टपावर बसायची भीती वाटते. दूधवाल्याला ‘सुभेदार’ म्हणतात आणि त्याचं दूध पातळ असलं तरी बोलत नाहीत. काकू बोलतात.

तरीही माझं मत सांगतो. गावात असा एक माणूस हवा. तो कंटाळा आणतो, गच्ची गळवतो, पण विमानाच्या शेपटात आणि नदीच्या काठावर कोण होतं ते विचारायला दुसऱ्या कोणाला वेळ नसतो. मावळात, साताऱ्यात, कोकणात, नगरात अशी शेकडो घरं आहेत, जिथून कोणीतरी पलटणीत गेलं होतं. तुमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत सहा टोकांचा तारा असेल तर तो ब्रासोनं घासू नका. आधी उलटा करा आणि मागचं नाव वाचा. वाचता आलं नाही तर लोणावळ्याला घेऊन या. भिंग तयार आहे. फक्त सवड काढून या, आणि परतीचं तिकीट शेवटच्या लोकलचं काढा.